दोन पाय कमी

गिरधर गुरुजींनी कागदाचं एक टोक दुसऱ्या टोकावर आणलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि श्वास रोखून घडीवर अंगठ्याचं नख फिरवलं. एक रेघ उमटायला हवी होती, उमटल्या दोन. मग कागद उलटा करून त्यांनी नमुन्यातल्या तुटक रेषेवरून टोक आत दाबलं. नाकतोड्याचा मागचा पाय जिथे यायचा, नेमका तिथेच कागद फाटला. गुरुजींनी तो चुरगाळून कोपऱ्यातल्या ढिगावर फेकला आणि घामेजलेले तळवे धोतराला पुसले.

शाळा सुटून बराच वेळ झाला होता. आमलीपाड्याची शाळा म्हणजे कुडाची एक खोली, पुढे ओटा आणि मागे गुरुजींचं बिऱ्हाड. त्या खोलीत पन्नाशी ओलांडलेला एक माणूस मांडी घालून कागदाशी झुंजतो आहे हे पाहायला कुणी नव्हतं, तेवढंच बरं होतं.

दोन रेघांचा दोष नखाचा होता. लहानपणी प्रकाशा गावच्या मळ्यात ऊस तोडताना कोयता निसटला आणि उजव्या अंगठ्याचं नख उभं चिरलं. पुढे ते तसंच दुभंगून वाढत राहिलं. त्या नखाने आजवर कुणाचं काही अडवलं नव्हतं. पण सरकारने हस्तकलेत कागदकाम आणलं आणि यंदा कागदाचे कीटक करायचं ठरलं. उन्हाळ्यात तळोद्याच्या शिबिरात शिकवायला आलेल्या तरुण बाई म्हणाल्या, “गुरुजी, घडीवर नख फिरवा म्हणजे घडी बोलते.” गुरुजींची घडी एकदम दोन तोंडांनी बोलू लागली. सगळे गुरुजी हसले, हेही हसले, आणि रात्री पथारीवर पडल्यावर अंधारात आपला अंगठा चाचपत राहिले.

या काळजीचं कारण वेगळं होतं. शिबिराच्या शेवटच्या दिवशी शाळा तपासणाऱ्या डेप्युटीसाहेबांनी तळहातावर एक हिरवा नाकतोडा ठेवून सगळ्यांना दाखवला होता. “हा ज्यांना जमला त्यांना हस्तकला जमली असं मी समजेन,” ते म्हणाले होते. नंतर गुरुजींना बाजूला घेऊन त्यांनी हळूच सांगितलं, “तुमचा प्रकाशाचा बदलीचा अर्ज माझ्याकडे आहे. तपासणीत सगळ्या विषयांचा शेरा चांगला आला तर दिवाळीनंतर जाल.”

प्रकाशाला तापीच्या काठी गुरुजींचं घर होतं आणि घरात त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई एकट्या होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची नजर उतरत चालली होती. चुलीतला विस्तव दिसे, पण त्यावरची भाकरी करपली ते वासाने कळे. मूल नाही, दीर-जावा वेगळ्या. तरी बाई रोज पहाटे घाटाच्या पायऱ्या उतरून नदीवर जात, कारण लग्न होऊन आल्यापासून जात होत्या. इकडे पहाटे जाग आली की गुरुजींना त्या पायऱ्या दिसत आणि मग झोप लागत नसे. ते सुट्टीला जात तेव्हा तिला डोळे धुण्यासाठी त्रिफळाचूर्णाच्या पुड्या बांधून कोनाड्यात रचून येत. खरं सांगायचं तर पुडी ही एकच घडी त्यांना आयुष्यात येत होती. आणि आता सगळी भिस्त नाकतोड्यावर होती.

फुलपाखरू त्यांनी रद्दीवर गिरवून गिरवून कसंबसं बसवलं. भुंगाही झाला, जरा पोट सुटलेला. नाकतोडा मात्र वैर धरून बसला होता. कागद आधी चौरस हवा, तो सुताएवढा जरी चुकला तरी पुढे डोकं वाकडं येई. शिवाय गुरुजींचे हात ओले, त्यामुळे कागद मऊ पडे आणि घडी धरत नसे. त्याहून मोठं संकट वेगळंच होतं. कागदाला कोपरे चार आणि नाकतोड्याला पाय सहा. शिबिरातल्या बाई उरलेले दोन पाय कुठल्याशा युक्तीने मधूनच काढत, पण ती युक्ती त्यांची बोटं इतक्या भरभर करत की गुरुजींना नुसत्या बांगड्या दिसल्या.

शेवटी एका संध्याकाळी नाकतोडा झाला. मागचे दोन पाय वर कोपरलेले, पुढचे दोन टेकलेले, आणि मधले दोन नाहीत. गुरुजींनी तो जमिनीवर ठेवला तर चक्क उभा राहिला. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी एकट्यानेच टाळी वाजवली.

दारात कमलीबाई उभी होती. शाळेत पाणी भरणं, झाडलोट करणं हे काम ती करी. पाड्याचे कारभारी जालमसिंग, त्यांची ती सून. डोक्यावरचा हंडा न उतरवताच तिने वाकून पाहिलं.

“गुरुजी, हाऊ लंगडा शे.”

“लंगडा बिंगडा काई नही. उभा ऱ्हास ना?”

“उभा ऱ्हास,” कमलीबाई म्हणाली. तिने हंडा उतरवला आणि पुन्हा एकदा नीट निरखून घेतलं. “पन लंगडा शे.”

साहेब पाय मोजतील का, या प्रश्नाने गुरुजींची ती रात्र खाल्ली. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शाळेच्या पेटीतला हिरवा घोटीव कागद काढला आणि लंगडे तर लंगडे, रोज संध्याकाळी नाकतोडे घडायला बसले. झालेले नाकतोडे ते ओट्यावरच्या बांबूच्या टोपलीत ठेवत. तपासणीची तारीख ठरून आली होती.

त्याच दिवसांत खरे नाकतोडे ज्वारीत उतरले.

आधी बांधावर दिसले, मग पानांवर, मग जिकडेतिकडे. ज्वारी नुकती निसवत होती, कणसं बाहेर पडत होती. पोरं शाळेत येताना खिशातून नाकतोडे आणत आणि गुरुजींच्या नाकतोड्यांशेजारी ठेवून तुलना करत. गुरुजी रागवत, कारण जिवंत नाकतोडा कागद कुरतडतो. पाड्यावर लोक हळू आवाजात बोलू लागले होते. बायका संध्याकाळी धूर करून शेतातून फिरत. या सगळ्याकडे गुरुजींचं लक्ष नव्हतं असं नाही, पण मन तपासणीत अडकलं की डोळ्यांना दिसलेलं आत पोचत नाही.

एके दिवशी जालमसिंग ओट्यावर येऊन बसले. म्हातारा कमी बोलणारा. हातात ज्वारीचं ताट होतं, पानांच्या नुसत्या शिरा राहिलेलं. ते त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलं आणि टोपलीत डोकावले.

“गुरुजी, ह्या कोनाकरता करी ऱ्हायनात?”

गुरुजींच्या हातात नेमकी मागच्या पायाची घडी होती. मान वर न करता ते म्हणाले, “तुम्हनाकरताच! आखीन कोनाकरता?”

त्यांच्या मनात शाळा होती. शाळा तुमची, पोरं तुमची, मी काय हौस म्हणून करतो आहे का, असा त्या बोलण्यात वैताग होता. जालमसिंगांना वैताग ऐकू आला नाही. ते बराच वेळ टोपलीकडे पाहत राहिले. मग एक नाकतोडा उचलून तळहातावर तोलला.

“मातीना जड व्हतस,” ते म्हणाले. “ह्या हलका शेत. आनि लंगडा.”

“हा, हा,” गुरुजी म्हणाले आणि घडीवर नख फिरवलं.

जालमसिंगांनी दोन्ही हात जोडले. गुरुजींना ते दिसलं, पण म्हातारा निघतो आहे म्हणून रामराम करतो आहे असं त्यांना वाटलं.

तपासणीच्या दिवशी गुरुजी उजाडताच ओढ्यावर अंघोळ करून आले, धुतलेला सदरा घातला, टोपी झटकली आणि टोपली आत घ्यायला ओट्यावर गेले. ओट्यावर टोपली नव्हती.

त्यांनी पेटीमागे पाहिलं, फळ्यामागे पाहिलं, चुलीजवळही पाहिलं. मग लक्षात आलं की पोरंही आलेली नाहीत आणि पाड्यावर कुठेच चूल पेटलेली नाही. दूर खाली ढोल वाजत होता. गुरुजी तसेच ओट्याखाली उतरले.

कमलीबाई पाण्याचा हंडा घेऊन समोरून आली. आज तिने नवं लुगडं नेसलं होतं.

“टोपली?” गुरुजींनी विचारलं. “मन्ही टोपली कोठे शे?”

“शीववर गई ना,” ती म्हणाली. “बठ्ठं गाव गयं शे. मी तुम्हनं पानी भराले थांबनू.” मग त्यांचा चेहरा पाहून तिने जरा समजावल्यासारखं सांगितलं, “तुम्हीनच कया शेत ना आम्हनाकरता. सासरा सांगे, गुरुजीसनी लंगडा कया शेत, मांगे फिरी येवाव नहीत.”

तेव्हा कुठे गुरुजींच्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं डोंगरात काढून त्यांना ही रीत ठाऊक नव्हती असं कसं म्हणावं? पिकावर कीड पडली की पाड्यावरची माणसं तिच्या मातीच्या मूर्ती करून टोपलीत घालतात आणि वाजवत शिवेवर नेतात. पलीकडच्या गावची माणसं ती टोपली उचलून आपल्या शिवेपार करतात. अशी गावागावांनी हातोहात जात ती शेवटी नदीला मिळते. मागे एकदा गुरुजींनी टोपलीला नमस्कारही केला होता. फक्त या खेपेला टोपलीत त्यांची बदली होती.

ते धावले. धोतराचा सोगा हातात धरून, टोपी सावरत, चिखलाच्या पायवाटेने पन्नाशीचा माणूस जितका धावेल तितके धावले. शिवेच्या ओहळापाशी सगळं गाव उभं होतं. शाळेची पोरंही होती. ओहळापलीकडे दुसऱ्या गावची माणसं चढण चढत होती आणि पुढच्याच्या डोक्यावर ती टोपली होती. हिरवा रंग लांबूनही ओळखू येत होता. एक हाक मारली असती तर पोचली असती.

हाकेसाठी तोंड उघडलं आणि त्यांना आजूबाजूची ज्वारी दिसली. गेले कित्येक दिवस ते याच वाटेने जात-येत होते. उभ्या ताटांवर पानं म्हणून नव्हती. बायाबापड्या टोपलीकडे न बघता पाठ करून उभ्या होत्या, कारण गेलेल्या किडीकडे वळून पाहायचं नसतं. गुरुजींचं तोंड तसंच मिटलं.

जालमसिंग त्यांच्याजवळ आले. “आते अमोसलोंग काहीच जीव घडू नका, गुरुजी,” ते हळूच म्हणाले. “कागदनाबी नको. करात तर गयात त्या फिरी येतीन.”

अमावस्या पुढच्या आठवड्यात होती आणि डेप्युटीसाहेबांची पांढरी टोपी समोरच्या वळणावर दिसत होती.

साहेब माणूस वाईट नव्हता. पायथ्याशी जीप सोडून चढण चढून आला होता, तरी पाणी पिऊन लगेच कामाला लागला. पोरांनी वाचन धडाधड केलं, पाढे म्हटले, सातपुड्यातल्या नद्या नकाशात दाखवल्या. पायांना चिखल का, असं साहेबांनी विचारलं तेव्हा पोरांनी पाय मांडीखाली ओढून घेतले. साहेब खूश होते. गुरुजींच्या सदऱ्याची पाठ मात्र ओली झाली होती.

“आता कागदकाम,” साहेब म्हणाले.

“केलं होतं साहेब. राहिलं नाही.”

“राहिलं नाही म्हणजे?”

सांगता आलं असतं. पण मागच्या साली दुसऱ्या एका पाड्यावर अशीच टोपली निघाली, तेव्हा याच साहेबांनी तिथल्या म्हाताऱ्यांना पोरांसमोर उभं करून अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं होतं. त्यानंतर होळीपर्यंत त्या शाळेत कुणी पोर पाठवलं नव्हतं. गुरुजींनी बाहेर पाहिलं. ओट्याखाली जालमसिंग उन्हात बसले होते.

“खराब झालं, साहेब. ओल लागली.”

“हरकत नाही.” साहेबांनी आपल्या पिशवीतून हिरवा कागद काढला, चांगला चौरस कापलेला. “माझ्यासमोर एक करा. नाकतोडाच हवा असं नाही, कुठलाही कीटक चालेल. मला तुमचं काम करायचं आहे, गुरुजी. तुम्ही मला कारण द्या.”

गुरुजींनी कागद हातात घेतला आणि त्यांना नवल वाटलं. हात कोरडे होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोटांना सगळं येत होतं, कुठे दाबायचं, कुठे उलटायचं, पाय कसा कोपरायचा. डोळे मिटून नाकतोडा झाला असता. त्यांनी कोपऱ्यावर कोपरा आणला आणि अंगठ्याचं नख फिरवलं. दोन रेघा उमटल्या.

दारात काहीतरी हललं. कमलीबाई साहेबांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती आणि उंबऱ्यावरच थांबली होती. ती गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती, अंगठ्याकडे पाहत होती. पोरांची कुजबुजही थांबली. पुढच्या रांगेतल्या पोरीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

गुरुजींना घाटाच्या पायऱ्या दिसल्या. शेवटची पायरी शेवाळलेली असते, तिथे रुक्मिणी नेहमी पाय चाचपून ठेवते. एवढा एक नाकतोडा केला की दिवाळीनंतर रोज पहाटे तिचा हात धरता येईल. अमावस्या काय, कीड काय, हे सगळं खोटं आहे हे त्यांना ठाऊक होतं. शाळेत ते हेच तर शिकवत होते. कागद हातात तसाच होता. नाकतोड्याची पहिली घडी आणि पुडीची पहिली घडी एकच असते, कोपऱ्यावर कोपरा. फरक दुसऱ्या घडीपासून पडतो.

त्यांनी दुसरी घडी घातली, मग तिसरी, वरचं टोक आत खोचलं आणि झालेली वस्तू साहेबांपुढे ठेवली.

साहेबांनी ती उलटीसुलटी केली. “गुरुजी, ही पुडी आहे.”

“हो साहेब.”

“आणि कीटक?”

“तेवढं नाही जमलं.”

साहेबांनी पुडी हळूच खाली ठेवली. त्यांना राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं, आणि गुरुजींना तेच सहन झालं नाही. “मग प्रकाशाचं पुढच्या वर्षी पाहू,” असं म्हणून साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. कमलीबाईने तांब्या पुढे केला तेव्हा तिची नजर पुडीवर होती आणि थोडं पाणी साहेबांच्या बुटांवर सांडलं.

नाकतोडे नंतर गेले. टोपलीबरोबर गेले की वारा फिरला आणि थंडी पडली म्हणून गेले, ते ज्याचं त्याने ठरवावं. उशिरा पेरलेल्या ज्वारीला थोडा दाणा धरला.

दिवाळीच्या सुट्टीत गुरुजी मोटारीतून प्रकाशाला उतरले आणि घराच्या वाटेवर उगीच हळू चालू लागले. उन्हाळ्यात जाताना ते तिला सांगून गेले होते की या खेपेला बदलीचा कागद घेऊनच येतो. आता सांगायचं कसं, याची त्यांनी वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. एकही धड नव्हतं.

रुक्मिणीबाई ओट्यावर तांदूळ चाचपून खडे काढत होत्या. पावलं ऐकून त्यांनी मान वर केली.

“उनात का?” आलात का, हे पावलं ओळखूनही त्या दर खेपेला विचारत.

“उनू.”

“बठा. एक वस्तू दखाडस तुम्हले.” त्या भिंतीला हात लावत आत गेल्या आणि कोनाड्यातून काहीतरी ओंजळीत धरून आणलं. ओंजळ उघडली. आत हिरवा नाकतोडा होता, एका बाजूला पाणी लागून फिका पडलेला.

गुरुजी ओट्यावर टेकले.

“डोंगरवरथून टोपली उनी व्हती,” रुक्मिणीबाई सांगू लागल्या. “वाजाडत लयनात लोके, नदीमा सोडी. दुसरे दिन घाटवर उतरनू तर शेवटनी पायरीवर हाऊ मन्हा पायले लागना. शेजारनी पार्वतीबाई मन्हावर वरडनी, शीवबाहेर काढेल वस्तू घरमा कोनी लयस का, टाक नदीमा! मीबी टाकाले हात उचला.”

“मंग?”

“मंग बोट फिरनं.” त्यांनी नाकतोड्याच्या पाठीवरच्या घडीवरून बोट नेलं, जसं त्या कोनाड्यातल्या पुडीवरून नेत. “दोन रेघा. तुम्हनी घडी शे. नदीमा कशी टाकू?”

गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तिच्या शेवाळलेल्या पायरीची भीती, साहेबांचं टोपण लावणं, सगळं एकदम वर आलं आणि डोळ्यांतून वाहू लागलं. तिला दिसणार नाही म्हणून त्यांनी ते पुसलंही नाही.

“बदली नही व्हयनी,” ते म्हणाले.

रुक्मिणीबाई त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांचं बोट नाकतोड्याच्या एकेका पायावरून फिरत राहिलं, पुढचे, मागचे, आणि मध्ये रिकामी जागा लागली तिथे थांबलं.

“दोन पाय कमी शेत.”

“हा.”

“कसाले?”

मधली युक्ती आपल्याला आली नाही हे सांगायला काही हरकत नव्हती. पण गुरुजींच्या तोंडून जालमसिंगांचंच उत्तर आलं.

“मांगे फिरी येवाले नको म्हनीसन.”

रुक्मिणीबाईंनी चाचपत उठून तो नाकतोडा कोनाड्यात, पुड्यांच्या जागी नीट उभा केला.

“तरीबी घर उना ना,” त्या म्हणाल्या.